‘टेक’ म्हणजे ‘घेणें’?

इंग्रजी शिकणाऱ्या मराठी विद्यार्थ्याची शब्दार्थांची वही ज्यानें पाहिली नाहीं असा सुशिक्षित गृहस्थ महाराष्ट्रांत विरळाच. पानाच्या मधोमध एक उभी रेघ. डाव्या बाजूस इंग्रजी शब्द, उजव्या बाजूस मराठी. आणि दोहोंच्या मध्यें, लिहिलेलें असो वा नसो, एक बरोबरीचें चिन्ह. ‘टेबल’ बरोबर मेज, ‘रिव्हर’ बरोबर नदी, आणि त्याच न्यायानें ‘टेक’ बरोबर घेणें. मेजाच्या व नदीच्या बाबतींत या चिन्हानें फारशी हानि होत नाहीं. कारण नदी टेम्स असो कीं गोदावरी असो, ती वाहतेच. परंतु ‘टेक’ हें क्रियापद आहे, आणि तेंहि असें कीं, ज्यावांचून इंग्रज मनुष्याचें दिवसभराचें बोलणें अडून राहील. अशा शब्दापुढें ‘घेणें’ एवढाच प्रतिशब्द मांडून शिक्षक जेव्हां पुढच्या शब्दाकडे वळतो, तेव्हां त्यानें विद्यार्थ्यास अर्थ सांगितलेला नसतो. अर्थ कळला अशी खोटी समजूत मात्र करून दिलेली असते.

आमचें म्हणणें प्रारंभींच स्पष्टपणें मांडतों. नित्याच्या क्रियापदास स्वतःपुरता असा अर्थ फार थोडा असतो. त्याचा अर्थ त्याच्या संगतींत असतो. ही गोष्ट न ओळखतां केवळ प्रतिशब्दांच्या जोरावर चाललेलें आपलें इंग्रजीचें अध्यापन विद्यार्थ्याचें इंग्रजी बिघडवितें, आणि पुढें त्याच विद्यार्थ्याच्या हातून मराठीहि बिघडवितें. इंग्रजीचे अभिमानी पहिल्या अपराधाबद्दल हळहळतात, मराठीचे अभिमानी दुसऱ्याबद्दल. परंतु दोन्ही अपराध वहींतल्या त्या एकाच रेघेचे आहेत, हें दोघांच्याहि ध्यानांत आलेलें दिसत नाहीं.

प्रथम या शब्दाची कुळकथा पाहूं. ‘टेक’ हा मूळचा इंग्रजी शब्दच नव्हे. जुन्या इंग्रजींत घेण्याला ‘निमन’ असें क्रियापद होतें. त्याचें सख्खें भावंड जर्मन भाषेंत ‘नेमेन’ या रूपानें आजहि सुखानें नांदत आहे. पुढें उत्तरेकडून समुद्रमार्गें आलेल्या स्कॅंडिनेव्हियन लोकांनीं इंग्लंडांत वसाहती केल्या. त्यांच्या बोलींतून ‘टाका’ हें क्रियापद आलें, आणि कालांतरानें त्यानें घरच्या ‘निमन’ला पार हुसकावून लावलें. ‘नंब’ म्हणजे बधिर, जणूं कोणीं पकडून ठेवलेला, आणि ‘निंबल’ म्हणजे चपळ, मुळांत चटकन् घेणारा, असे कांहीं अवशेष तेवढे मागें राहिले. ‘टेक’शीं सजातीय अशा गॉथिक शब्दाचा अर्थ ‘स्पर्श करणें’ असा आढळतो. स्पर्शापासून पकड, पकडीपासून स्वीकार, स्वीकारापासून वहन, सहन आणि समजूत, असा हा शब्द एकेक पायरी चढत गेला. सारांश, इंग्रजांनींहि हें क्रियापद बाहेरून आणलें. पण त्याचा प्रतिशब्द वहींत लिहून नव्हे, तर पिढ्यान् पिढ्या त्याच्याबरोबर राहून तें आपलेंसें केलें.

डॉक्टर जॉन्सन यांनीं १७५५ सालीं आपला सुप्रसिद्ध कोश प्रकाशित केला, त्याच्या प्रस्तावनेंत अतिपरिचयानें ज्यांचा अर्थ सैल झाला आहे अशा क्रियापदांविषयीं तक्रार केलेली आहे. या क्रियापदांनीं आपले श्रम किती वाढविले हें सांगून त्यांनीं जी यादी दिली तींत ‘टेक’ची गणना आहे; आणि कोशांत या एका क्रियापदाचे १३४ अर्थ त्यांना द्यावे लागले. ऑक्सफर्डच्या बृहत्कोशाचा अनुभव याहून निराळा नाहीं. १९२८ सालीं पुऱ्या झालेल्या पहिल्या आवृत्तींत, तसेंच १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तींत, सर्वांत मोठी नोंद ‘सेट’ या शब्दाची होती. पुढील संशोधनांत इतर क्रियापदांनीं तिला मागें टाकलें, आणि २०११ सालीं ‘रन’ या क्रियापदाचे अर्थ ६४५ भरले. लक्षांत घेण्याजोगी गोष्ट ही कीं, हे शब्द तत्त्वज्ञानांतले नव्हेत कीं वैद्यकांतले नव्हेत. सेट, रन, पुट, टेक हे स्वयंपाकघरांतले, बाजारांतले, लहान मुलाच्या तोंडचे शब्द आहेत. लांबलचक पारिभाषिक शब्द बहुधा एकनिष्ठ असतो. त्याचा एकदां अर्थ सांगितला कीं काम झालें. आखूड व सोपा दिसणारा शब्द मात्र शंभर घरचा पाहुणा असतो. आमच्या पाठ्यपुस्तकांत याच्या नेमकें उलट चालतें. धड्याच्या शेवटीं लांब शब्दांचे अर्थ छापतात, आणि आखूड शब्द ‘मुलांस येतोच’ म्हणून सोडून देतात. ज्या ठिकाणीं विद्यार्थी हमखास ठेंचाळणार तेथेंच दिवा नाहीं!

आतां या ‘टेक’ला मराठीच्या घरांत कोणकोणत्या नांवांनीं हांक मारावी लागते तें पाहूं. औषध घ्यावें, रजा घ्यावी, शपथ घ्यावी, विश्रांति घ्यावी. येथपर्यंत वहींतली रेघ खरी ठरते. पण ‘टेक रूट’ म्हटलें कीं झाड मूळ घेत नाहीं, मूळ धरतें. ‘टेक हार्ट’ म्हणजे धीर धरणें. ‘टेक अ बीटिंग’ म्हणजे मार खाणें. ‘टेक कोल्ड’ म्हणजे सर्दी होणें, आणि ‘टेकन इल’ म्हणजे आजारी पडणें. ‘टेक अ बाथ’ म्हणजे आंघोळ करणें, ‘टेक अ फोटोग्राफ’ म्हणजे फोटो काढणें, ‘टेक प्राइड’ म्हणजे अभिमान बाळगणें, ‘टेक ऑफेन्स’ म्हणजे राग मानणें, ‘टेक प्लेस’ म्हणजे घडणें. पुढें एखादें अव्यय जोडलें कीं अर्थ आणखीच दूर जातो. ‘टेक इन’ म्हणजे एखाद्यास घरांत आसरा देणें, आणि त्याच दोन शब्दांचा अर्थ एखाद्यास फसविणें असाहि होतो. ‘टेक ऑफ’ म्हणजे अंगांतला सदरा काढणें, विमानानें आकाशांत झेंप घेणें, आणि दुसऱ्याची नक्कल करणें. ‘टेक आफ्टर’ला आपण ‘मुलगा आईच्या वळणावर गेला’ असें म्हणतों; ‘टेक टु ड्रिंक’ला ‘दारूचा नाद लागला’ असें म्हणतों. ‘टेकन अबॅक’ हा प्रयोग तर शिडाच्या जहाजांवरचा. समोरून अवचित वारा येऊन शीड डोलकाठीवर दाबलें गेलें म्हणजे चालतें जहाज जागच्या जागीं थबके. त्या स्थितीचें हें नांव. आज समुद्रावर शिडें क्वचित् दिसतात, पण अकस्मात् धक्का बसून माणसें अद्यापि तशींच थबकतात.

धरणें, खाणें, होणें, पडणें, करणें, काढणें, बाळगणें, मानणें, घडणें, लागणें! एका इंग्रजी क्रियापदापुढें मराठीचीं दहा क्रियापदें उभीं राहिलीं. याचा अर्थ इंग्रजी दरिद्री आणि मराठी श्रीमंत असा कोणी करील तर तें बालिशपण होय. आमच्या ‘खाणें’ या एका क्रियापदाचा पसारा पाहावा: मार खाणें, लाच खाणें, हवा खाणें, दम खाणें, कच खाणें, भाव खाणें, डोकें खाणें. यांतील एकाहि ठिकाणीं इंग्रजाच्या ‘ईट’चा उपयोग नाहीं; आणि या प्रयोगांचा जो अर्थ आहे तो ताटांतल्या अन्नाशीं संबंध ठेवून राहिलेला नाहीं. प्रत्येक भाषेनें आपापलीं कांहीं क्रियापदें अशा भारवाही कामाला जुंपलेलीं असतात. कोणतें क्रियापद कोणत्या नामाच्या गाडीला जुंपावयाचें, हें त्या त्या भाषेचें गुपित आहे; आणि भाषा शिकणें म्हणजे पुष्कळ अंशीं हें गुपित शिकणें होय.

या जुंपणीच्या मागें जगाकडे पाहण्याची एक तऱ्हाहि असते. ‘इट टेक्स टू अवर्स’ हें वाक्य घ्या. इंग्रजींत काम हें कर्त्याच्या आसनावर बसून दोन तास घेतें. मराठींत काम कांहींच घेत नाहीं. त्याला दोन तास लागतात. तहान लागते, झोंप लागते, ठेंच लागते, आणि त्याच ओघांत वेळहि लागतो. ‘टेक पिटी’ म्हणतांना इंग्रज मनुष्य दया जणूं आपल्या हातानें उचलतो; आम्हांस दया येते. तो ‘टेक फ्राइट’ म्हणतो. आम्ही भितों, किंवा आम्हांस भीति वाटते. जेथें इंग्रज मनुष्य कर्ता होऊन उभा राहतो, तेथें मराठी मनुष्य अनेकदां चतुर्थींत बसलेला असतो: मला, तुला, त्याला. यांत श्रेष्ठकनिष्ठभाव नाहीं, केवळ भेद आहे. पण हा भेद शब्दांचा नसून वाक्याच्या हाडापेरांचा आहे. तो दोन स्तंभांच्या वहींत मावणें शक्यच नाहीं, कारण त्या वहींत वाक्यच नसतें.

दुसऱ्या दिशेनें पाहिलें तरी हीच अवस्था. ‘घेणें’ म्हणजे ‘टेक’ असें उलट वाचून विद्यार्थी इंग्रजी लिहूं लागतो, आणि मग फारच मौज होते. मराठींत ‘मीं काल छत्री घेतली’ याचा अर्थ विकत घेतली. आमचा प्रामाणिक विद्यार्थी ‘आय टुक ॲन अम्ब्रेला’ असें लिहितो, आणि इंग्रज वाचकास वाटतें कीं, यानें कोणाची तरी छत्री उचलली! पैसे मोजून आणलेल्या छत्रीची चोरी पदरांत पडते ती अशी. मराठींत आणणें व नेणें हीं दोन निरनिराळीं क्रियापदें आहेत. इंग्रजींतहि ‘ब्रिंग’ व ‘टेक’ अशीं दोन आहेत. म्हणजे ‘टेक’चा एक अगदीं मुख्य अर्थ ‘नेणें’ हा आहे, आणि या एका ठिकाणीं दोन भाषा एकमेकींच्या पुष्कळ जवळ येतात. तो मात्र वहींत नसतो! शिवाय आमचें ‘घेणें’ दुसऱ्या क्रियापदाच्या पाठीशीं उभें राहून जें काम करितें त्याला तर ‘टेक’पाशीं जबाबच नाहीं. समजून घेणें, बोलून घेणें, जुळवून घेणें, एखाद्याकडून लिहून घेणें. क्रियेचें फळ कर्त्याकडे वळविण्याची ही मराठीची खास युक्ति आहे. ‘गुरुजींनीं माझ्याकडून निबंध लिहून घेतला’ याचें इंग्रजी करतांना ‘टेक’ हातांत धरून बसणारा विद्यार्थी सायंकाळपर्यंत बसून राहील.

या सर्वांचा कळस म्हणजे परीक्षा. मराठींत विद्यार्थी परीक्षा देतो आणि शिक्षक परीक्षा घेतो. साक्ष द्यावी, हिशेब द्यावा, जाब द्यावा, तशीच परीक्षा द्यावी. जो तपासला जावयाचा तो देणारा, आणि जो तपासणार तो घेणारा. इंग्रजींत नेमकें उलट: विद्यार्थी परीक्षा ‘टेक’ करितो, आणि देतो तो शिक्षक. तेव्हां ‘आय गेव्ह माय एक्झॅमिनेशन’ हें वाक्य आमच्या मुलांच्या पत्रांत आणि अर्जांत सर्रास आढळतें यांत नवल कसलें? या वाक्याला हंसणारे पुष्कळ आहेत. त्यांना आमचा प्रश्न एवढाच आहे कीं, या मुलाचें चुकलें काय? त्याला ‘देणें’ म्हणजे ‘गिव्ह’ असें शिकविलें. त्यानें शिकविलेलें निष्ठेनें वापरलें. हंसावयाचें असेल तर पद्धतीला हंसावें, पद्धतीच्या आज्ञाधारक शिष्याला नव्हे.

येथें हंसण्यापलीकडची एक गोष्ट आहे, आणि तीच आम्हांस सर्वांत महत्त्वाची वाटते. ज्या मुलाच्या घरीं इंग्रजी पुस्तकें आहेत, ज्याचे आईबाप आपसांत इंग्रजी बोलतात, जो लहानपणापासून इंग्रजी माध्यमाच्या शाळेंत जातो, त्याला क्रियापदांची ही संगत आयती मिळते. त्याच्या कानांवर ‘टेक’ हा शब्द एकटा कधीं पडतच नाहीं. तो आपल्या सोबत्यांसह येतो. खेड्यांतल्या शाळेंतून आलेल्या मुलापाशीं कान भरण्याचें हें साधन नाहीं. त्याची सारी भिस्त वहीवर. ती वही त्याला एकटा शब्द देते, आणि परीक्षेंत, मुलाखतींत, नोकरीच्या अर्जांत मात्र त्याची पारख संगतीवरून होते. व्याकरण त्याचें बरोबर असतें, शब्दसंग्रह मोठा असतो, पाठांतर तर पहिल्या मुलाहून अधिक असतें. तरी त्याचें इंग्रजी ‘गांवठी’ ठरतें, आणि तो स्वतःस बुद्धीनें कमी समजूं लागतो. बुद्धीचा येथें कांहीं संबंध नाहीं. एकाला जें फुकट मिळालें तें दुसऱ्याला शाळेनें शिकवावयास हवें होतें, आणि शाळेनें तें शिकविलें नाहीं. शब्दार्थांची वही ही दिसावयास निरुपद्रवी वस्तु. पण तिनें गरिबाच्या मुलाची केलेली फसवणूक मोठी आहे.

आतां मराठीकडे वळूं. हाच विद्यार्थी पुढें बातमीदार होतो, कारकून होतो, अनुवादक होतो, क्वचित् ग्रंथकारहि होतो. वहींतली रेघ त्याच्या डोक्यांत कायमची आंखलेली असते. फक्त आतां तो ती इंग्रजीकडून मराठीकडे वापरतो. मग ‘या प्रवासानें चार तास घेतले’ असें छापून येतें, आणि ‘लागले’ हें क्रियापद मुकाट्यानें दाराबाहेर जातें. काढले जाणारे फोटो ‘घेतले’ जाऊं लागतात. घरांतून निघणाऱ्या माणसास ‘जपून जा’, ‘सांभाळून जा’, ‘ये बरं का’ असें म्हणणारी मराठी आतां ‘काळजी घे’ म्हणून निरोप देते. हें ‘टेक केअर’चें अक्षरशः भाषांतर होय. काळजी घेणें हा प्रयोग मराठींत नाहीं असें नव्हे. रोग्याची, पिकाची, वस्तूची काळजी घ्यावी. पण दारांतून निघणाऱ्याला ‘जातो’ असें न म्हणतां ‘येतो’ म्हणावयास लावणाऱ्या भाषेला निरोपाचे शब्द परक्याकडून आणण्याची गरज पडावी, ही दैवाची थट्टा म्हणावयाची!

‘निर्णय घेणें’ हा प्रयोग याहून विचार करण्याजोगा आहे. न्यायाधीश निर्णय देतो, पंच निवाडा करितात, घरचीं माणसें ठरवितात, राजा फर्मावितो. प्रत्येक अधिकाराला मराठीनें आपापलें क्रियापद नेमून दिलें होतें. आज हे सारे निर्णय ‘घेतात’. आणि ज्याच्या अनुकरणानें हें चाललें आहे त्या इंग्रजींतहि याविषयीं एकवाक्यता नाहीं. इंग्लंडांत निर्णय ‘टेक’ करणारे पुष्कळ, तर अमेरिकेंत तो ‘मेक’ करण्याची चाल आहे. तथापि केवळ क्रियापद बदललें एवढेंच नुकसान झालें नाहीं. ‘निर्णय घेण्यात आला’ असें कर्मणि वाक्य कचेरींतून बाहेर पडलें, म्हणजे कोणीं ठरविलें हें विचारण्याची सोयच उरत नाहीं. ‘ठरविलें’ म्हटलें कीं ‘कोणीं?’ हा प्रश्न आपोआप जिभेवर येतो. ‘घेण्यात आला’ म्हटलें कीं निर्णय ही झाडावरून पडलेल्या फळासारखी वस्तु होते, कोणीं तरी उचलली इतकेंच. महाराष्ट्र राजभाषा अधिनियम १९६४ सालीं झाला, आणि राज्याचा कारभार मराठींत चालावा हें तत्त्व मान्य झालें. फार चांगलें झालें. परंतु ‘नोंद घेण्यात यावी’, ‘दक्षता घेण्यात यावी’ अशा वाक्यांनीं भरलेलीं परिपत्रकें वाचतांना मनांत येतें कीं, हा मराठींतला कारभार नव्हे. हा वहींतल्या उजव्या स्तंभांतला कारभार आहे. जुन्या पत्रलेखनांत ‘कळावें’ या एका क्रियापदानें हेंच काम किती आटोपशीर होत असे!

आश्चर्य याचें वाटतें कीं, भाषाशुद्धीचा एवढा गाजावाजा या प्रांतांत झाला, तरी या आक्रमणाकडे त्या मानानें फार थोड्यांचें लक्ष गेलें. माधव जूलियन यांच्यासारखा फारसीचा व्यासंगी पंडित पुढें भाषाशुद्धीचा पुरस्कर्ता झाला आणि १९३८ सालीं ‘भाषाशुद्धि-विवेक’ लिहिता झाला, हा आपल्या वाङ्मयाच्या इतिहासांतला ठळक प्रसंग आहे. पण त्या चळवळीचा मुख्य रोख शब्दांवर राहिला. शेंकडों वर्षें मराठीच्या घरांत राबलेल्या ‘तारखे’ला बाहेर काढून ‘दिनांका’ला आणलें, तरी वाक्याच्या रचनेंतून शिरणारी इंग्रजी तशीच शिरत राहिली. परका शब्द उघड्या तोंडानें दारांतून येतो. त्याला पाहतांच तो परका हें ओळखतां येतें. परक्या संगतीचें तसें नाहीं. ‘निर्णय’ संस्कृत, ‘घेणें’ मराठी, दोन्ही शुद्ध. परंतु त्यांची गांठ घालून दिली ती इंग्रजीनें. वेषांतर केलेला हा पाहुणा पहारेकऱ्यांच्या समोरून आंत गेला, आणि पहारेकऱ्यांनीं उलट त्याला नमस्कार केला.

यावर घेतले जाणारे आक्षेप आम्हांस ठाऊक आहेत. पहिला आक्षेप असा कीं, भाषा ही वाहती वस्तु आहे. देवघेवीनेंच ती वाढते. ‘भाग घेणें’ हा ‘टेक पार्ट’च्या वळणाचा प्रयोग आज कोणाला खटकतो? हें आम्हांस सर्वस्वी मान्य आहे, आणि ‘भाग घेणें’ मराठींतून काढून टाका असें आम्ही म्हणतहि नाहीं. परंतु सगळी देवघेव सारखी नसते. नव्या प्रयोगानें मराठींत नसलेली कांहीं छटा आणली काय, कीं असलेल्या क्रियापदाची जागा बळकाविली, हा प्रश्न प्रत्येक वेळीं विचारला पाहिजे. ‘टेक स्टेप्स’ला आपण ‘पावलें घेणें’ म्हणत नाहीं, ‘पावलें उचलणें’ म्हणतों. येथें कल्पना परकीय असली तरी क्रियापद मराठी पायाला विचारून निवडलें आहे. हें जिवंत भाषेचें लक्षण. उलट ‘चार तास घेतले’ या वाक्यांत मराठीला कोणीं कांहीं विचारलेलेंच नाहीं.

दुसरा आक्षेप असा कीं, रोग प्रतिशब्दाचा आहे, तर वर्गांतून मराठीच काढून टाकावी. इंग्रजी इंग्रजींतूनच शिकवावें. हा उपाय दिसावयास रामबाण, पण त्यांत एक आंधळेपणा आहे. शिक्षकानें मराठी बोलावयाचें थांबविलें म्हणून विद्यार्थ्याच्या मनांतली मराठी थांबत नाहीं. तो मनांतल्या मनांत प्रतिशब्द लावीतच राहतो. फरक एवढाच कीं, पूर्वीं चूक वहीवर दिसे, आतां ती दिसेनाशी होते. मराठीला वर्गांतून हांकलून देण्याऐवजीं तिला साक्षीला बोलवावें. ‘वेळ लागतो’ आणि ‘इट टेक्स टाइम’ हीं दोन वाक्यें शेजारीं ठेवून भेद दाखविला, तर विद्यार्थ्यास दोन्ही भाषा एकदमच कळतात.

तिसरा आक्षेप संख्याशास्त्राच्या भाषेंत येतो: थोड्या शब्दांत काम भागवावें. सी. के. ऑग्डेन यांनीं १९३० सालीं ‘बेसिक इंग्लिश’ची योजना पुढें मांडली; तींत ८५० शब्द होते, आणि क्रियापदांचें सारें ओझें ‘टेक’, ‘गेट’, ‘पुट’ अशा १८ शब्दांवर घातलेलें होतें. हिशेब मोठा आकर्षक; पण अठरा क्रियापदें शिकणें म्हणजे त्यांचे शेंकडों संबंध शिकणें, हें त्या हिशेबांत धरलेलें नाहीं. याच्या उलट, डाक्का येथें अध्यापन केलेले मायकेल वेस्ट यांनीं १९५३ सालीं प्रसिद्ध केलेली शब्दसूची पाहावी. तींत केवळ शब्द न मोजतां, एकेका शब्दाचा कोणता अर्थ शेंकडा किती वेळां येतो हेंहि नोंदलेलें आहे. नवशिक्यास काय आधीं शिकवावें व काय मागाहून, याला असा आधार लागतो. आणि आतां यंत्रें भाषांतर करून देतात, मग हा खटाटोप कशाला, असें म्हणणाऱ्यांस आमचें उत्तर एका वाक्याचें आहे: यंत्रानें दिलेलें वाक्य बरोबर कीं चूक हें ज्याला ओळखतां येत नाहीं, तो यंत्राचा धनी नसून आश्रित आहे.

तर मग करावें काय? उपाय खर्चाचा नाहीं. वहींतली उभी रेघ पुसावी, आणि शब्दाच्या जागीं वाक्य लिहावें. ‘टेक’ असें एकटें न लिहितां ‘टेक मेडिसिन’, ‘टेक टाइम’, ‘टेक द बुक होम’ असें लिहावें, आणि त्याच्यासमोर मराठींत आपण तेंच कसें म्हणतों तें लिहावें: औषध घेणें, वेळ लागणें, पुस्तक घरीं नेणें. एका धड्यांत पांच संगती शिकविल्या तरी पुरे. पांच वर्षांत किती होतील याचा हिशेब ज्याचा त्यानें करावा. पाठ्यपुस्तकाच्या शेवटीं लांब शब्दांबरोबर आखूड क्रियापदांनाहि जागा द्यावी. परीक्षकांनीं ‘अर्थ सांगा’ या प्रश्नाऐवजीं ‘वाक्यांत वापरा’ या प्रश्नास खरे गुण ठेवावे, म्हणजे बाजारांतलीं गाइडें आपोआप सुधारतील. कारण गाइडें परीक्षेच्या मागून चालतात. मराठीच्या शिक्षकांसहि या कामांत वांटा आहे. मोल्सवर्थ यांच्या कोशाची पहिली आवृत्ति १८३१ ची व दुसरी १८५७ ची. त्या परकीय गृहस्थानें मराठी शब्दांबरोबर त्यांचे वाक्प्रचारहि कष्टानें टिपून ठेविले. पुढें दाते व कर्वे यांनीं महाराष्ट्र शब्दकोशावर न थांबतां महाराष्ट्र वाक्संप्रदाय कोशहि सिद्ध केला. हीं साधनें कपाटांत आहेत. तीं वर्गांत आलीं पाहिजेत. ‘लागणें’ या क्रियापदाचे वीस प्रयोग ज्या मुलानें स्वतःच्या बोलण्यांतून शोधून काढले आहेत, त्याला ‘टेक’चे वीस प्रयोग ऐकून भीति वाटणार नाहीं, कारण आपल्या घरींहि असेंच चालतें हें त्याला कळून चुकलेलें असेल.

इंग्रजी शिकूं नये असें म्हणणारांपैकीं आम्ही नव्हे. ती उत्तम शिकावी असें आमचें मत आहे, आणि ती उत्तम शिकण्याची पहिली अट ही कीं, मराठी तितकीच जागेपणानें बोलावी. ज्याला आपल्या भाषेंत वेळ लागतो, मूळ धरलें जातें, मार खाल्ला जातो आणि परीक्षा दिली जाते हें ठाऊक आहे, तोच दुसऱ्याच्या भाषेंत या सर्व ठिकाणीं ‘टेक’ कां येतो याचा विचार करूं शकेल. बाकीच्यांच्या हातीं बरोबरीचें चिन्ह राहील, आणि त्या चिन्हाच्या दोन्ही बाजूंस एकेक अर्धवट भाषा.